घरी जोडायचं स्वस्त फर्निचर दहा वर्षं टिकवायचं तर

खोक्यातून सुटं येणारं फर्निचर निकामी होतं तेव्हा फळी मधोमध मोडलेली क्वचितच दिसते. बिजागरीच्या स्क्रूचे आटे गेलेले असतात, दार एका बाजूला लोंबतं, तळाची कड फुगून तिचे पोपडे सुटतात, पुस्तकांच्या फळीला बाक येतो, हात लावला की अख्खं कपाट डुगडुगतं. बोर्ड स्वस्तातला असतो हे खरंच, पण दगा देतात ते सांधे आणि कडा. या दोन्हींचा बंदोबस्त करता येतो, आणि त्यातलं बरंचसं काम जोडणीच्या दिवशीच करायचं असतं. तेच काम भरलेल्या कपाटावर करायला गेलं की तिप्पट वेळ जातो.

आधी बोर्ड ओळखा

पट्टी न लावलेली कड शोधा. ती तळाशी, मागच्या बाजूला किंवा एखाद्या भोकाच्या आत सापडते. लाकडाचा जाडसर चुरा दिसला तर तो पार्टिकल बोर्ड. पोत एकजीव, तपकिरी आणि बारीक असेल तर एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड. फळी जाड दिसते पण उचलायला हलकी, आणि टिचकी मारली तर पोकळ वाजते, अशा वेळी आत षट्कोनी घरांची कागदी जाळी असते. या पोकळ फळीत स्क्रू धरेल असा भाग कडेच्या चौकटीपुरताच असतो, मध्ये स्क्रू घालायला काहीच नाही. अशा टेबलावर मॉनिटरचा किंवा दिव्याचा क्लॅम्प आवळला की वरचा पातळ थर आत बसतो. क्लॅम्प आणि फळी यांच्यात, वर आणि खाली, १२ मिमी प्लायचा तळहाताएवढा तुकडा द्या.

पार्टिकल बोर्डच्या दोन्ही पृष्ठांजवळ बारीक चुरा घट्ट दाबलेला असतो आणि मधला गाभा जाड, सैल चुऱ्याचा असतो. म्हणून पृष्ठातून घातलेला स्क्रू बरा धरतो आणि कडेतून घातलेला थेट गाभ्यात जाऊन लवकर सुटतो. पुढच्या बहुतेक सूचनांचं कारण हेच आहे.

खरेदी अजून व्हायची असेल तर दुकानात तीन गोष्टी बघा: फळ्या १६ की १८ मिमी, कडेची पट्टी चारही बाजूंना आहे की फक्त समोर, आणि मागची पाठ खाचेत बसते की नुसती खिळ्यांवर. आतला गाभा हिरवा असेल तर तो ओलावारोधक म्हणून विकतात. हिरवा हा नुसता रंग आहे. ओलावा थोपवतो तो आतला चिकटद्रव्याचा प्रकार, तेव्हा माल कोणत्या दर्जाचा आहे ते लेखी विचारून घ्या.

जोडणीचा दिवस

सोबत आलेल्या बहुतेक स्क्रूंच्या डोक्यावर अधिक चिन्ह असतं आणि त्याच्या चार हातांच्या मध्ये बारीक रेघा असतात. हे पोझिड्राइव्ह. त्याला साधा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर लावला तर तो निसटतो आणि डोकं चाटून जातं. पीझेड २ बिट मागून घ्या. ड्रिल मशिन वापरणार असाल तर क्लच सर्वांत कमी आकड्यावर ठेवा आणि शेवटचा पाऊण फेरा हातानेच द्या. पार्टिकल बोर्डमध्ये घट्ट आणि गेलं यांच्यात अर्ध्या फेऱ्याचंही अंतर नसतं. एकदा आतला चुरा सुटला की तो स्क्रू कितीही फिरवा, फिरतच राहतो.

कॅम लॉक, म्हणजे सुतार ज्याला मिनिफिक्स म्हणतात, ती बोल्टचं डोकं पकडून दोन फळ्या आवळणारी, जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव चकती असते. १६ मिमी फळीत तिच्यासाठी १५ मिमी व्यासाचं आणि साधारण साडेबारा मिमी खोल भोक असतं, म्हणजे खाली जेमतेम साडेतीन मिमी बोर्ड उरतो. चकतीवरचा बाण सुरुवातीला बोल्ट जिथून येतो त्या कडेकडे हवा. मग साधारण अर्धा फेरा फिरवला की पकड येते. पूर्ण फेरा होऊनही पकड आली नाही तर जोर लावू नका. बोल्टचं डोकं चकतीत शिरलेलंच नाही. बोल्ट त्याच्या कॉलरपर्यंत, म्हणजे त्यावरच्या कड्यापर्यंत, आत गेलाय का ते तपासा आणि पुन्हा बसवा.

आता गोंद. माहितीपत्रकात तो बहुधा सांगितलेला नसतो, आणि तरीही आयुष्य वाढवणारी सर्वांत स्वस्त गोष्ट तीच आहे. लाकडी खुंट्या सहसा ८ मिमीच्या असतात. त्यांच्या भोकांत लाकूडकामाचा पांढरा पीव्हीए गोंद घाला, शक्यतो पाण्याला टिकणारा डी३ दर्जाचा. गोंद भोकाच्या भिंतींना काडीने फासायचा. भोक गोंदाने भरून खुंटी ठोकली तर आत अडकलेल्या गोंदाच्या दाबाने फळीचं पृष्ठ फुटू शकतं. पाव भोक पुरे. लॅमिनेटवर हा गोंद चिकटत नाही, त्यामुळे फळीच्या कडेला फासून काही साधत नाही, पकड खुंटीतच मिळते. गोंद लावल्यावर पाच-दहा मिनिटांत कॅम आवळून टाका. कॅमच क्लॅम्पचं काम करतात, वेगळा शिकंजा लागत नाही. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा आणि २४ तास वजन ठेवू नका.

गोंद लावलेला सांधा पुन्हा सुटत नाही, म्हणून कुठे लावायचा ते आधी ठरवा. ड्रॉवरना नेहमी लावा. पुस्तकांच्या लहान कपाटाला, टीव्हीच्या टेबलाला लावा. दारातून आणि जिन्यातून अख्खं जाणार नाही अशा मोठ्या वॉर्डरोबच्या मुख्य सांध्यांना आणि पलंगाला लावू नका.

पाठ: तीन मिलिमीटरचा खरा आधार

मागे लावायचा तो पातळ हार्डबोर्ड धूळ अडवायला असतो असं समजून लोक तो घाईत ठोकतात. प्रत्यक्षात उभं कपाट आडवं कलू न देण्याचं काम जवळजवळ एकटी पाठ करते. पाठ नसलेला चौकोन हलक्या धक्क्यानेही समांतरभुज होतो, प्रत्येक हेलकाव्यात खुंट्यांची भोकं थोडी रुंदावतात, आणि काही वर्षांनी कॅम आवळूनही सांधा घट्ट होत नाही.

कपाट पालथं, सपाट जमिनीवर ठेवा. दोन्ही कर्ण टेपने मोजा. १८० बाय ८० सेंमी कपाटाचा कर्ण सुमारे १९७ सेंमी भरेल, पण आकड्यापेक्षा दोन्ही कर्ण सारखे असणं महत्त्वाचं. फरक २ मिमीच्या आत हवा. जो कर्ण लांब असेल त्याचे दोन कोपरे एकमेकांकडे दाबा आणि पुन्हा मोजा. कर्ण जुळले म्हणजे कपाट गुण्यात, म्हणजे काटकोनात आलं. मग पाठ ठेवून आधी चार कोपऱ्यांत एकेक खिळा मारा, परत मोजा, आणि मगच उरलेले मारा.

सोबतचे खिळे १५-२० सेंमी अंतरासाठी मोजून दिलेले असतात. हे अंतर १० सेंमी करा. जादाचे खिळे बाहेरून आणा. त्याहून चांगलं म्हणजे ३ बाय १६ मिमीचे चपट्या डोक्याचे स्क्रू, आधी २ मिमी भोक पाडून. खिळा असो की स्क्रू, तो १६ मिमी कडेच्या बरोबर मध्यावर जायला हवा, म्हणून काठापासून ८ मिमीवर पेन्सिलीने रेघ मारून घ्या. रेघेशिवाय मारलेला खिळा हटकून आतल्या बाजूला लॅमिनेट फोडून बाहेर येतो. पाठ दुमडून आलेली असेल तर दुमडीची ओळ स्थिर फळीवर येईल अशी ठेवा आणि त्या फळीतही खिळे मारा. पाठ खाचेत सरकवायची असेल तर खाचेत गोंदाची बारीक धार सोडा. सरकत्या पाठीची खडखड त्याने थांबते आणि कपाट लक्षात येईल इतकं ताठ होतं.

उभं करताना

आडवं कपाट एका खालच्या कडेवर टेकवून एकट्याने उभं केलं की सगळं वजन त्या कडेवर आणि तळाच्या दोन सांध्यांवर येतं. दोघांनी उचलून उभं करा, कडेखाली जाड सतरंजी किंवा खोक्याचा पुठ्ठा घाला. मग लेव्हल लावा, आडवी आणि उभी दोन्ही. दारं खाली-वर दिसतात म्हणून बिजागरीचे स्क्रू फिरवत बसणारे अनेक असतात. खरं कारण बहुतेक वेळा जमीन असते: एक कोपरा खाली बसला की अख्खं खोकं पिळतं आणि दारं तिरकी दिसतात. आधी त्या कोपऱ्याखाली प्लास्टिकची पाचर द्या. लाकडी पाचर ओलावा धरते. नंतर बिजागरी जुळवा. तिला बाजूचा, आतबाहेरचा आणि वरखालचा असे तीन स्वतंत्र समायोजन असतात.

उंच कपाट आणि ड्रॉवरचं कपाट भिंतीला अडकवाच. उघड्या ड्रॉवरवर चढलेल्या मुलाच्या वजनाने ते पुढे कोसळतं, आणि अडकवण्याला पर्याय नाही. टिकाऊपणाचाही फायदा आहे: अडकवलेलं कपाट डुलत नाही. विटांच्या भिंतीत ८ मिमी प्लग आणि योग्य लांबीचा स्क्रू, जिप्समच्या भिंतीत आतल्या आधाराच्या पट्टीत स्क्रू. भिंत ओल धरणारी असेल तर कपाट अडकवायची पट्टी आणि भिंत यांच्यात २ सेंमीचा ठोकळा ठेवा, म्हणजे पाठीमागे हवा खेळेल.

फळीला बाक का येतो

पुस्तकांची भरलेली रांग मीटरला साधारण २५ ते ३५ किलो भरते. असं सारखं पसरलेलं वजन असताना फळीचा झोल लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो आणि जाडीच्या तिसऱ्या घाताने कमी होतो. ८० सेंमी लांब, ३० सेंमी खोल, १६ मिमी जाडीची पार्टिकल बोर्डची फळी मीटरला ३० किलोला सुरुवातीलाच सात-आठ मिमी वाकते. तीच ६० सेंमी केली की झोल एक तृतीयांशाहून कमी. जाडी १६ ऐवजी १८ केली तर झोल साधारण तीस टक्क्यांनी घटतो. म्हणजे जाडीमागे धावण्यापेक्षा लांबी तोडणं जास्त कामाचं. शिवाय हा बोर्ड सततच्या वजनाखाली महिनोन्‌महिने हळूहळू वाकत राहतो, आणि पहिल्या दिवशीचा झोल पुढे दुप्पट झाला तर नवल नाही. वजन काढल्यावर तो सगळा परत जात नाही.

उपाय तीन. फळी सुटी असेल आणि दोन्ही बाजूंनी लॅमिनेट असेल तर वर्षातून एकदा उलटी करा. लांब फळीच्या मध्यावर उभा आधार द्या. पण तो आधार खालच्या फळीवर उभा राहतो, तेव्हा सगळ्या कप्प्यांत एका ओळीत, थेट जमिनीपर्यंत हवा. नाहीतर वरचा बाक खालच्या फळीला मिळतो, एवढंच.

तिसरा उपाय सर्वांत टिकाऊ: पुढच्या काठाखाली १८ मिमी रुंद आणि ४० मिमी उंच लाकडी पट्टी उभी लावणं. एवढी एक पट्टी फळीचा ताठपणा कित्येक पटींनी वाढवते. ती दोन्ही टोकांना १५ मिमी आखूड कापा, म्हणजे फळी ज्यांवर टेकते त्या पिना मोकळ्या राहतील. फळीच्या खालच्या बाजूला पट्टीपुरतं लॅमिनेट ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा, गोंद लावा. पट्टीत खालून १२ मिमी खोल मोठं भोक पाडून त्यात ४० मिमीचा स्क्रू बुडवा. असा तो फळीत १२ मिमीच शिरतो, वर निघत नाही. दोन स्क्रूंमध्ये २० सेंमी अंतर. हे सगळं फळी सपाट करून मग करायचं. वाकलेल्या फळीला पट्टी मारली तर बाक कायमचा होतो. मागचा काठ पाठीतून दोन-तीन स्क्रू मारून धरता येतो.

पाणी

पार्टिकल बोर्ड दाबून केलेला असतो. पाणी मिळालं की दबलेला चुरा मोकळा होतो, सामान्य बोर्डमधलं युरिया फॉर्मल्डिहाइड चिकटद्रव्य पाण्याने आणि उष्णतेने सुटतं, आणि फुगलेली कड वाळल्यावरही मूळ जाडीला येत नाही. त्यामुळे बंदोबस्त आधीच.

सर्वाधिक नुकसान लादी पुसताना होतं. उभ्या फळ्यांची खालची कड बहुधा उघडी असते आणि ती थेट जमिनीवर टेकते. जोडणीपूर्वी या कडांना पीयू (पॉलियुरेथेन) वार्निश किंवा ऑइल पेंटचे दोन हात द्या. पहिला हात बोर्ड पिऊन टाकतो, दुसरा टिकतो. मग प्लास्टिकचे ठोकायचे पाय लावा, जमिनीपासून ५ मिमी उंची मिळाली तरी पुष्कळ. सिंकसाठी कापलेली जागा, नळाचं किंवा वायरचं भोक, सगळीकडे कच्ची कड असते. तिथे वार्निश आणि वरून सिलिकॉन. किटलीची वाफ वरच्या फळीच्या खालच्या बाजूला लागत असेल तर किटली पुढे ओढा, दुसरा इलाज नाही.

कडेची पातळ पट्टी सुटली असेल तर मागचा गोंद उष्णतेने पुन्हा चिकटतो. मध्यम गरम इस्त्री, मध्ये सुती कापड, १०-१५ सेकंद, आणि गार होईपर्यंत लाकडी ठोकळ्याने दाब. जाड प्लास्टिक पट्टीला इस्त्री लावू नका, ती वितळेल. तिथे रबरी कॉन्टॅक्ट अ‍ॅढेसिव्ह दोन्ही बाजूंना लावा, हाताला चिकटेनासं होईपर्यंत साधारण १० मिनिटं थांबा, मग एकाच प्रयत्नात दाबा.

कड फुगलीच असेल तर पंख्याखाली काही दिवस पूर्ण वाळवा, पातळ सुपरग्लू मुरवा, प्लास्टिकचा कागद मध्ये घालून शिकंज्यात दाबा, घासा आणि वार्निश करा. दिसायला बरी होते, ताकद अर्धवटच येते. तळ अगदी मऊ झाला असेल आणि तळफळी त्याच्या वर असेल, तर सगळ्या उभ्या फळ्यांचा खालचा खराब भाग एकाच मापाने कापून टाका आणि खाली प्लायची चौकट बसवा. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि कपाट वाचतं.

आटे गेलेलं भोक

बिजागरी उखडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच: वरचा एक स्क्रू ढिला झाला, कुणी बघितलं नाही, आणि दाराचं वजन उरलेल्यांवर आलं. ९० सेंमीपर्यंतच्या दाराला दोन बिजागऱ्या, १६० पर्यंत तीन, २ मीटरपर्यंत चार असा साधारण हिशेब आहे. तुमच्या दाराला कमी असतील तर तीच बिजागरी परत परत उखडणार.

स्क्रू ढिला आहे पण थोडा धरतो, तर भोकात गोंद आणि दोन-तीन टूथपिक भरा, वरून कापा, रात्रभर ठेवा, पुन्हा हाताने आवळा. भोक फुटलेलं असेल तर हे टिकत नाही. तिथे असं करा:

१. दार काढा, भोकातला सुटा चुरा व्हॅक्यूमने ओढून घ्या.
२. ८ मिमी ड्रिल बिटला टोकापासून १२ मिमीवर टेप गुंडाळा आणि टेपपर्यंतच भोक पाडा. १६ मिमी फळीत याहून खोल गेलात तर बाहेरून टेंगूळ येतं.
३. भिंतींना गोंद फासा, ८ मिमी लाकडी खुंटीचा तुकडा ठोकून बसवा, २४ तास थांबा, वर आलेला भाग सपाट कापा.
४. खुंटीच्या मध्यावर अडीच मिमी भोक पाडा आणि मग साडेतीन मिमीचा स्क्रू हाताने घाला. भोक न पाडता स्क्रू घातला तर खुंटी उभी चिरते.

आजूबाजूचा बोर्डच भुगा झाला असेल तर सगळा कोरून काढा आणि दोन भागांची इपॉक्सी पुटी भरा, किंवा बिजागरी दुरुस्तीची पोलादी पट्टी लावा. ती वजन लांबच्या चांगल्या बोर्डवर नेते. कॅमच्या बोल्टचं ५ मिमी भोक गेलं असेल तर हीच खुंटीची रीत, फक्त शेवटी पुन्हा ५ मिमी पाडायचं, आणि खुंटी १० मिमीची घ्यायची.

ड्रॉवर आणि पलंग

ड्रॉवरचा ३ मिमी तळ खाचेतून निसटतो. खाचेत गोंद भरा आणि खालून मध्यावर पुढून मागे एक लाकडी पट्टी चिकटवा. जड सामानाला ६ मिमी प्लायचा तळच घाला, पण खाच ३ मिमीची असते हे लक्षात ठेवून कडा तासून घ्या. ड्रॉवर ज्यांवर सरकतो ते चाकाचे चॅनेल अडकत असतील तर टेलिस्कोपिक चॅनेल लावता येतात. दोन्हींना बाजूला साधारण साडेबारा मिमी जागा लागते आणि लांबी ५० मिमीच्या टप्प्यांत मिळते, त्यामुळे बहुधा ड्रॉवर कापावा लागत नाही.

पलंगाचे बोल्ट पहिल्या महिन्यानंतर आणि मग दर सहा महिन्यांनी आवळा. इतर फर्निचरला वर्षातून एकदा पुरतं. मधल्या पायाखाली कागदाची पट्टी सरकवून बघा. ती सहज सरकली तर तो पाय लोंबकळतोय आणि सगळं वजन बाजूच्या पट्ट्यांवर आहे. पायाखाली पॅकिंग द्या. पलंग करकरत असेल तर लाकूड लाकडावर घासतं तिथे मेणबत्ती घासा.

घर बदलताना

ओढू नका. भरलेलं कपाट ओढलं की तळाचे सांधे आडवे पिळले जातात. सामान, फळ्या, ड्रॉवर आणि दारं काढून रिकामं खोकं दोघांनी उचला. अख्खं जात असेल तर तसंच न्या, समोरून एक तिरकी पट्टी तात्पुरती मारून. थेट बोर्डात घातलेले स्क्रू दोन-तीनदा काढघाल सोसतात, त्यापुढे नाही. परत घालताना स्क्रू आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यांत बसल्याची हलकी टक् जाणवते, मग सुलटा आवळा. या एका सवयीने भोकांचं आयुष्य वाढतं. पाठ मात्र जुन्या भोकांत पुन्हा ठोकू नका, दोन सेंमी बाजूला नवी भोकं पाडा.

हरवलेल्या भागांसाठी अख्खं फर्निचर टाकायची गरज नसते. १५ मिमी कॅम, बोल्टचं कडेपासून २४ किंवा ३४ मिमी अंतर, ३५ मिमी बिजागरीची वाटी, पिनांसाठी ५ मिमीची भोकं ३२ मिमी अंतराने आणि पहिली ओळ पुढच्या काठापासून ३७ मिमीवर, ही मापं जगभर चालतात. मोजपट्टी घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा.

उभी फळी सांध्यापाशी चिरली असेल, तळ आणि बाजू दोन्ही फुगल्या असतील, किंवा भिजलेल्या बोर्डवर बुरशी आत शिरली असेल, तर दुरुस्ती सोडा. बिजागऱ्या, चॅनेल, हँडल आणि कोरड्या सुट्या फळ्या तेवढ्या काढून ठेवा.